शहर कोणाचे? मराठवाड्यातील शहरांची एक उजळणी

सातवीच्या वर्गात आम्ही ‘आपले शहर’ या विषयावर मुलांकडून एक तक्ता करून घेत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले जुन्या शहरातली. कोणाचे अब्बा रिक्षा चालवतात, कोणाचे वाळूजला कंपनीत जातात, कोणाची अम्मी घरी शिलाई करते. तक्त्याच्या डोक्यावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, नाम कौनसा लिखना?” आम्ही सांगितले, सरकारी दप्तरात आहे ते लिहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तिने ते नाव वळणदार अक्षरात लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “पर सर, ये शहर है किसका?”

आम्ही म्हणालो, “सबका.” उत्तर चुकीचे नव्हते, पण ती शिक्षकाची पळवाट होती आणि मुलाने ती ओळखली. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याने आम्हाला इतिहासाची पुस्तके पुन्हा उघडायला लावली.

बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की मुलाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावे. आमच्या मुलांना सर्वांत जास्त ज्ञात असलेली गोष्ट म्हणजे पाणी. नळ कधी येणार, टँकर कुठे थांबणार, रात्री घागरी कोण भरणार, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असते. म्हणून आम्ही राजांच्या यादीऐवजी पाण्यापासून सुरुवात केली. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात शहर वसवणे म्हणजे आधी पाणी आणणे. कोणत्या शहराला पाणी कोणी आणले, असे विचारत गेलो तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू सापडू लागले.

सर्वांत जुने पैठण. सातवाहनांचे हे प्रतिष्ठान गोदावरीच्या काठी वसले. इथला माल भडोचच्या बंदरातून समुद्रापार जात असे. नदी दाराशी असल्याने पैठणला पाणी आणावे लागले नाही. तिथे व्यापार वाढला, विद्या वाढली, पैठणी विणली गेली. देवगिरीचे तसे नव्हते. यादवांनी बाराव्या शतकात राजधानीसाठी डोंगर निवडला तो संरक्षणासाठी. डोंगरावर शत्रू चढत नाही, पण पाणीही चढत नाही. किल्ल्यातला प्रचंड हत्ती हौद पाहिला की इथल्या राज्यकर्त्यांची खरी चिंता कोणती होती ते कळते.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. शाळेत आपण या घटनेला ‘वेडा महंमद’ म्हणून हसतो. राजधानी काही वर्षांत परत गेली. पाण्याची टंचाई हेही त्याचे एक कारण अभ्यासक सांगतात. पण सुलतान गेला तरी त्याच्याबरोबर आलेले सगळे गेले नाहीत. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच राहिले आणि इथल्याच मातीत, खुलदाबादला निजले. ‘फवाइदुल फुआद’ लिहिणारे कवी अमीर हसन सिज्जी यांची कबरही तिथेच आहे. सुलतानाचा बेत फसला, फकिरांचा मुक्काम मात्र सातशे वर्षे टिकला. पुढे याच दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आले. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले होते, असे परंपरा सांगते. नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. वाद घालायचा आणि शेवटी एकमेकांना भेटायचे, ही रीत त्यांना याच परिसराने शिकवली असावी, असे आम्हाला वाटते.

आता आमचे शहर. १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ते वसवले. अंबर हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हातोहात दख्खनपर्यंत आलेला माणूस. त्याने मुघलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले आणि जमीन महसुलाची घडी बसवली. पण आमच्या मुलांना त्याची ओळख आम्ही नहरीवरून करून देतो. हर्सूलच्या बाजूच्या जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारी मार्गाने शहरात आणले. ठरावीक अंतरावर उसासे ठेवले, म्हणजे हवाही खेळेल आणि आत उतरून सफाईही करता येईल. शहरात खापरी नळांनी ते हौदाहौदात वाटले. ना पंप, ना वीज. जमिनीचा उतार एवढेच यंत्र. ही नहर-ए-अंबरी १६१७ च्या सुमाराची. पुढे तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या.

आणि या शहरात राहायला कोण आले? जुन्या वस्त्यांची नावेच सांगतात. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. ही निजामशाहीतल्या मराठे सरदारांची नावे. मालोजी आणि विठोजी भोसल्यांचे घराणे याच दरबारातले. मालोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. म्हणजे शहराचा पाया घालताना हबशी वजीर आणि मराठे सरदार शेजारी शेजारी उभे होते. मग ही खडकी जाळली कोणी? मुघल फौजांनी, १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये. त्या फौजांतही मराठे सरदार होते. वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मुले गोंधळली. “सर, मुसलमान ने मुसलमान का शहर जलाया?” होय बाळांनो, जाळले. राज्याची भूक मजहब विचारत नाही. आजचे भांडण कालच्या माणसांच्या अंगावर घातले की इतिहासाचा सदरा कुणालाच बसत नाही.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर म्हटले. दौलताबाद १६३३ मध्ये मुघलांकडे गेले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहर औरंगाबाद झाले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. चारशे वर्षांत चार नावे. प्रत्येक नाव सत्तेने दिले आणि प्रत्येक वेळी पखाली वाहणारा भिस्ती दुसऱ्या दिवशी त्याच हौदावर पाणी भरायला गेला.

नव्या नावाविषयी आमच्या मोहल्ल्यांत दुखावलेपण आहे, ते आम्ही नाकारत नाही. ज्या नावाने आपला जन्मदाखला निघाला ते पुसले गेले की माणसाला लागते. पण मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिली, औरंगजेब हा बादशहा होता, आपला आजोबा नव्हे. त्याच्या गुणांची फुशारकी मारायची नाही आणि त्याच्या जुलमाचा जबाब देण्याचेही आपल्याला कारण नाही. दुसरी, ज्यांचे नाव आता शहराला आहे ते संभाजीराजे दहा वर्षांचे असताना, १६६७ मध्ये, याच शहरात आले होते आणि शहजादा मुअज्जमला भेटले होते. त्याच्या आदल्या वर्षी आग्र्याला जाताना शिवाजी महाराजही इथे थांबले होते. पुढे संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा हा राजपुत्र १६८९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने हालहाल करून मारला गेला. हे आमच्या मुलांनी वाचले पाहिजे, आणि दुसऱ्या कोणत्याही मुलाइतकेच हळहळून वाचले पाहिजे.

मकबऱ्याला सहलीला नेले की मुले बेगमेची गोष्ट विचारतात. आम्ही त्यांना आधी दरवाजा दाखवतो. त्यावर उस्ताद अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावे कोरली आहेत. एक वास्तुकार, एक स्थापत्याचे काम पाहणारा. बीबी का मकबरा दिलरस बानूसाठी बांधला गेला, खर्च सहा लाख अडुसष्ट हजारांवर झाला, पण हात या दोघांचे आणि त्यांच्या गवंड्यांचे. तसेच पाणचक्कीचे. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिरांच्या खानकाहसाठी अठराव्या शतकात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणले, उंच भिंतीवर चढवले आणि त्याच्या धारेवर जाते फिरवले. त्या जात्याचे पीठ फकीर आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी होते. ‘मुसाफिर’ म्हणवणाऱ्या माणसाने मुक्कामाच्या गावाला पाणी आणि पीठ दिले.

१७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली आणि शहराची शान गेली. पण तोवर इथे भाषा रुजली होती. वली इथलेच, सिराज इथलेच. उर्दू गझलेचा इतिहास त्यांना ओलांडून पुढे जात नाही. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम विसाव्या शतकात अनेक वर्षे याच शहरातून चालवले. आणि घरात आपण जी दखनी बोलतो तिच्यातला ‘च’ पाहा. ‘मैंच जाताऊं’, ‘वहींच है’. हा ‘च’ मराठीचा. लखनौचा माणूस त्याला हसतो, हसू द्या. तिकडे मराठीतले ‘शहर’, ‘दरवाजा’, ‘बाजार’, ‘हौद’ हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. ‘बेगमपुरा’ या एका नावात तर दोन्ही भाषा एकत्र नांदतात.

ही गोष्ट केवळ आमच्या शहराची नाही. जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. तिथला मोती तलाव अंबरच्या काळातल्या जमशेदखानाने बांधला. बीडची खजाना विहीर निजामशाहीतल्या सलाबतखानाची, तिचे पाणी पाटाने शेतात जाते. नळदुर्गला बोरी नदीवर १६१३ मध्ये इब्राहीम आदिलशहाच्या काळात धरणाच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला, आणि नदीला पूर आला की नर-मादीचे धबधबे आजही त्याच्यावरून कोसळतात. नांदेडला गोदावरीच्या काठी १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला आणि पंजाबची एक वाट कायमची मराठवाड्यात आली. आणि लातूर? तिथे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा कोणी विचारले नाही की वाघिणीतले पाणी कोणत्या जातीचे.

या इतिहासात १९४८ टाळून पुढे जाणे बेइमानी होईल. रझाकारांनी शेजाऱ्यांवर जुलूम केले. त्यांना विरोध करणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा हैदराबादेत खून झाला. आणि पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडसारख्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदवले. दोन्ही जखमा आपल्याच मुलखाच्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारा शिक्षक मुलांना अर्धाच इतिहास देतो. त्यानंतर शहर पुन्हा उभे राहिले ते शाळा-कॉलेजांनी. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये विद्यापीठ आले, १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्यासाठी पाणवठा बंद होता त्यांच्यासाठी विद्येचा पाणवठा याच शहरात उघडला, हे आमच्या मुलांनी विसरू नये.

आता थोडे आपल्याविषयी. गेल्या हिवाळ्यात आम्ही वर्गाला नहरीचा एक उसासा दाखवायला नेले. तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या, आत बांधकामाचा मलबा. नहरींवर घरे कोणी बांधली? काही परक्यांनी, काही आपणच. आज पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटरवरून विजेच्या जोरावर पाणी वर चढवले जाते, तरी गेल्या काही वर्षांत कित्येक वस्त्यांनी आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिली. दोष देण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पण वारसा म्हणून मिरवायचे आणि वारशात कचरा टाकायचा, हा दोष आपल्या पदरात आहे.

दुसरा दोष लेखणीचा. या शहरांची कागदपत्रे फारसीत आणि उर्दूत आहेत. सेतुमाधवराव पगडींनी त्यातले किती तरी मराठीत आणले. डॉ. यू. म. पठाणांनी संतवाङ्मयाच्या अभ्यासात हयात घालवली. आम्ही उर्दू शिकलेले, मराठी बोलणारे हजारो शिक्षक आहोत. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावच्या एका हौदाची, एका शिलालेखाची, एका दर्ग्याच्या सनदेची हकीकत मराठीत लिहिली? आपला इतिहास दुसरे वाकडा लिहितात ही तक्रार करण्याआधी तो सरळ लिहायला आपण बसलो का?

उसाशाहून परतल्यावर मुलांनी तक्ता पुरा केला. ‘शहर के बनानेवाले’ या रकान्यात मागच्या बाकावरच्या त्या मुलाने क्रमाने नावे लिहिली: मलिक अंबर, मालोजी, अताउल्ला, हंसपतराय, बाबा मुसाफिर, बाबासाहेब आंबेडकर. मग खाली थोडी जागा उरली होती. त्याने विचारले, “सर, मेरे अब्बा प्लंबर हैं, लिखूं?”

आम्ही म्हणालो, लिख.