ग्वाल्हेरची ओसरी आणि विद्यार्थ्याचा हक्क

विद्यार्थ्याला प्रवेश देणे आणि त्याला सामावून घेणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीची पावती मिळते, दुसरीची मिळत नाही. सीमाभागातील मराठी मुले शिक्षणासाठी परभाषिक शहरात जातात, तेव्हा त्यांची खरी कसोटी या दुसऱ्या गोष्टीत लागते. या संदर्भात ग्वाल्हेरचा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कारण आमच्याच कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील मुले एकोणिसाव्या शतकात तेथे विद्यार्थी म्हणून गेली होती.

1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आणली. त्यांच्या छावणीचे पुढे शहर झाले आणि त्याला ‘लष्कर’ हेच नाव पडले. सरदार, कारकून, शास्त्री अशी मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. शिंद्यांच्या दरबारी हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ हे गवई होते. हस्सू खाँंनी वासुदेवबुवा जोशी यांना शिकवले. पुढे सर्कशीमुळे प्रसिद्धीस आलेले अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हद्दू खाँंकडे गाणे शिकले. उस्तादांची भाषा हिंदुस्तानी, बंदिशी बहुधा ब्रज भाषेतील आणि शिष्याच्या घरची भाषा मराठी. या तिन्ही भाषा एकाच तालमीत सुखाने नांदत होत्या.

इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी 1849 मध्ये जन्मलेले बाळकृष्णबुवा हे या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण होय. ते प्रथम धार येथे देवजीबुवा परांजपे यांच्याकडे राहिले. गुरुपत्नीच्या विरोधामुळे त्यांना ते घर सोडावे लागले, असे सांगितले जाते. पुढे वासुदेवबुवा जोशी यांनी त्यांना पदरी घेतले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली. वकिलाच्या नजरेने पाहता या कथेतील विद्यार्थ्याच्या हाती काहीच नाही. एका घराने त्याला बाहेर काढले, दुसऱ्याने आत घेतले. दोन्ही वेळा निर्णय परक्याचा होता. माधुकरी मागणारा किंवा वार लावून जेवणारा विद्यार्थी याच अनिश्चिततेत वाढला. त्यातही ज्यांच्यासाठी जातीमुळे ओसरीच बंद होती, त्यांची तर गणनाच झाली नाही.

तरीही ग्वाल्हेरच्या घरांनी एक मोठा धडा घालून दिला. निसार हुसेन खाँ हे शंकर पंडित यांचे गुरू. दरबारचा आश्रय संपल्यावर ते पंडितांच्याच घरी येऊन राहिले. मराठी ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद वास्तव्यास होते आणि त्या सहवासातच कृष्णराव शंकर पंडित लहानाचे मोठे झाले. आपलेपणासाठी कोणी कोणाला भाषा वा धर्म टाकावयास लावला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा आपलेपणा घरातून संस्थेत येऊ लागला. बाळकृष्णबुवांचे शिष्य, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. निवडक विद्यार्थ्यांच्या निवासाची व भोजनाची सोयही तेथे संस्थेनेच केली. त्याच वर्षी राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहांचा उपक्रम आरंभिला आणि ज्यांना ओसरी मिळत नव्हती त्यांना छप्पर मिळाले. ग्वाल्हेरात 1914 मध्ये कृष्णरावांनी वडिलांच्या नावे गांधर्व महाविद्यालय काढले. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. गुरूच्या मर्जीची जागा अभ्यासक्रमाने घेतली.

आज ती जागा कायद्याची आहे. संविधानाच्या अनुच्छेद 29(2) अन्वये शासकीय वा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य हे अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानले आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा निर्देश दिला.

आमचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. रात्री वसतिगृहात एकाकी पडलेला मुलगा आपले दुःख कोणत्या भाषेत सांगणार? हिशेब आणि परीक्षा परभाषेत देता येतात. रडू मात्र मातृभाषेतच फुटते. बेळगाव, निपाणी, बिदरची मुले कन्नड भाषक महाविद्यालयात जातात, कन्नड मुले सोलापूर-कोल्हापुरात येतात, ग्वाल्हेर-इंदूरची मराठी मुले हिंदीत शिकतात. या सर्वांना हा प्रश्न सारखाच लागू आहे, आणि कन्नड मुलासाठी तो विचारण्यास आम्ही कचरलो, तर स्वतःसाठी विचारण्याचा आमचा अधिकारही लंगडा पडेल.

म्हणून सीमेच्या अलीकडील व पलीकडील वाचकांस आमची विनंती आहे. आपल्या गावच्या महाविद्यालयास लेखी विचारावे: समुपदेशक नेमला आहे काय? तो विद्यार्थ्यांच्या कोणकोणत्या भाषा जाणतो? नसल्यास त्या भाषेचा एखादा प्राध्यापक वा ज्येष्ठ विद्यार्थी नव्या मुलांच्या सोबतीस नेमला आहे काय? उत्तर लेखी मागावे आणि जपून ठेवावे. वासुदेवबुवांसारखा गुरू प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. हे उत्तर मिळवणे मात्र आपल्या हाती आहे.