फोटोतले आणि फोटोबाहेरचे

दरवर्षी १६ डिसेंबरच्या सुमारास मी वर्गात एक कृष्णधवल फोटो दाखवतो. ढाक्याचे रेसकोर्स मैदान, साल १९७१. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करत आहेत. शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसले आहेत. मागे कृष्णन, दिवाण, सगतसिंग आणि जेकब हे अधिकारी उभे आहेत. सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले आणि बांगलादेश जन्माला आला. या एका फोटोने ही माणसे घरोघरी पोहोचवली.

गेल्या वर्षी कल्याणच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, यात आपलं कोणी आहे का?"

'आपलं' म्हणजे मराठी की मुसलमान, हे मी विचारले नाही. अरोरा शीख, जेकब कोलकात्याचे ज्यू, म्हणजे सगळे आपलेच, असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण प्रश्न रास्त होता. मी फोटोच्या आठवडाभर आधीची गोष्ट सांगितली.

ढाक्याच्या उत्तरेला जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण मोर्चे बांधून बसली होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. ती घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा एक बंगाली मुसलमान, सायकलवर पांढरे निशाण लावून. त्याने मार खाल्ला, पण उत्तर आणले. त्या उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी होती!

१० डिसेंबरच्या रात्री बलुच सैनिक ढाक्याकडे निसटू लागले. वाटेत पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे 'जंगी पलटण', दबा धरून होती. रात्रभर लढाई झाली आणि सकाळी जमालपूर पडले. १२ डिसेंबरला हेच जवान पुंगली पुलावर, टांगाईलजवळ छत्रीने उतरलेल्या आपल्या सैनिकांना जाऊन मिळाले. त्यानंतर चारच दिवसांनी तो फोटो निघाला.

इंग्रजांच्या काळात याच मराठा रेजिमेंटमध्ये मराठ्यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानांचीही भरती होत असे, हेही मी सांगितले.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सर, आपले लोक फोटोच्या बाहेर आहेत."

बरोबर आहे बेटा. सही करायला टेबल लागते आणि त्या टेबलापर्यंतचा रस्ता कोणीतरी मोकळा केलेला असतो. त्यांचा फोटो निघत नाही, म्हणून त्यांची नावे आपण सांगायची असतात.