आईची खोली आणि मृत्युकर

आज आईवडील गेल्यावर राहतं घर वारसांच्या नावावर होतं, तेव्हा सरकार वारसाकर मागत नाही. पण एकतीस वर्षं तो मागत होतं. कायद्यातलं नाव 'इस्टेट ड्यूटी', लोकांच्या तोंडी 'मृत्युकर'. इंग्लंडात 1894 पासून असा कर होता. आपल्याकडे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना कायदा झाला आणि 15 ऑक्टोबर 1953 पासून तो लागू झाला.

हेतू वाईट नव्हता. मोठी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात साचू नये, हा विचार अपरिग्रहाचं प्रवचन ऐकत वाढलेल्या आम्हा जैन बायकांना परका नाही. सुरुवातीला 1 लाखापर्यंतच्या मालमत्तेला कर नव्हता. एकत्र कुटुंबातल्या हिश्श्याला ही मर्यादा 50 हजारांची. म्हणजे गरिबाला धास्ती नव्हती. धास्ती होती ती ज्यांच्या हातात रोकड थोडी, पण बाजारपेठेत वाडवडिलांचं किमती घर, अशांना.

मग साधी वाट दिसे ती जिवंतपणीच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करण्याची. कायद्याने तीही हेरून ठेवली होती. कलम 10 म्हणत होतं, दिलेल्या वस्तूवरून देणाऱ्याचा हात पूर्ण सुटला पाहिजे. घर मुलाला देऊन आई त्याच घरात राहिली, तर तिच्या मागे ते घर तिचंच होतं असं धरून कर आकारता येई. आता सांगा, मुलाला घर दिलं म्हणून आईने जायचं कुठे? म्हातारपणी मुलाजवळ राहणं ही आपल्याकडची रीत. कायद्याच्या नजरेत ती करचुकवेगिरी ठरू लागली.

1965 मध्ये दुरुस्ती झाली. नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांना दिलेल्या घरात देणारं माणूस नुसतं राहत होतं, एवढ्यावरून कर लागणार नाही, असं ठरलं. पण एक अट राहिली: राहण्याचा हक्क कागदाने राखून ठेवलेला नसावा. म्हणजे 'मी तहहयात या घरात राहीन' असं जिने लिहून घेतलं, तिच्या घरावर कर. जिने काहीच लिहून घेतलं नाही, तिचं घर सुटलं. कर वाचवायचा तर आईने मुलाच्या आणि सुनेच्या भरवशावर राहायचं, असाच याचा अर्थ.

तेव्हा बाईच्या हाती दुसरा आधारही तोकडा होता. 1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला हिस्सा दिला. पण कलम 23 मुळे भाऊ वाटणी करेपर्यंत तिला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. सासरी नांदणाऱ्या मुलीला तिथे राहण्याचा हक्कही नव्हता. ते कलम निघालं 2005 मध्ये.

मृत्युकर त्याआधीच गेला होता. वरच्या टप्प्याला दर 85 टक्क्यांपर्यंत चढला, तरी हाती येत होते वर्षाला सुमारे 20 कोटी आणि वसुलीचा खर्च त्या मानाने फार. विश्वनाथ प्रताप सिंग यांनी 1985 च्या अर्थसंकल्पात तो काढायचं जाहीर केलं. 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंना तो लागला नाही.

कर गेला, तसं न लिहिण्याचं ते कारणही गेलं. तरी आमच्या बेळगावकडे अजून ऐकू येतंच, "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं?" 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर मुलाने अट मोडली तर परत मिळण्याची सोय आहे. पण तिथेही आधी विचारतात, बक्षीसपत्रात तशी अट आहे का? म्हणून सही करायच्या आधी कोणती खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, देवघर आणि तहहयात हा शब्द, एवढं कागदावर यायला हवं. त्या ओळीपायी आता मृत्युकर लागत नाही. मुलालाही त्यात वाईट वाटायचं कारण नाही. तो जे करणारच आहे, तेच तिथे लिहिलेलं असतं.