टाइपरायटर ते लॅपटॉप: दार न ठोठावता होणारी झडती

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? आपण संविधान मानणारी माणसे. बघू दे ज्याला बघायचे ते." कार्यकर्त्यांच्या बैठकीत कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारा प्रामाणिक असतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला माणूस फक्त वाचून जातो, हे यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक किती महाग पडू शकते, ते भीमा कोरेगाव प्रकरणाने आपल्याच माणसांच्या बाबतीत दाखवले आहे. पण त्याआधी थोडा मागचा इतिहास पाहू.

अमेरिका आणि सोव्हिएत रशियाच्या शीतयुद्धातली गोष्ट. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून माहिती बाहेर जाते आहे, असा संशय होता. १९८४ मध्ये तिथली सगळी यंत्रसामग्री गुपचूप अमेरिकेत नेऊन एक्स-रेखाली तपासली गेली. आयबीएम कंपनीच्या सोळा इलेक्ट्रिक टाइपरायटरांमध्ये एक धातूची पट्टी सापडली. वरून साधी दिसणारी ही पट्टी आतून पोकळ होती. टाइप करताना यंत्रातले भाग हलत, त्यातून कोणते अक्षर दाबले ते ती ओळखायची आणि रेडिओलहरींनी बाहेर पाठवायची. १९७६ पासून हा प्रकार चालू होता. गुप्त मजकूर सांकेतिक भाषेत बदलून पाठवण्याची चोख व्यवस्था त्या वकिलातीत होती, पण सांकेतिक भाषेत जाण्याआधीच, बोटाखाली, अक्षर चोरले जात होते. आजचा की-लॉगर हेच करतो. फरक इतकाच की पट्टीऐवजी एक छोटा प्रोग्राम असतो आणि तो ईमेलला जोडलेल्या फाइलमधून येतो.

दुसरी घटना १९९९ ची, न्यू जर्सीतली. निकोडेमो स्कार्फो या जुगार आणि सावकारीच्या गुन्ह्यातील संशयिताने कॉम्प्युटरवरची एक फाइल पासवर्डने कुलूपबंद केली होती. एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन त्याच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर की-लॉगर बसवला आणि पासवर्ड मिळवला. पासवर्ड होता त्याच्या वडिलांचा तुरुंगातला कैदी क्रमांक! आरोपीच्या वकिलांनी विचारले, हे यंत्र नेमके काय काय टिपते ते तरी सांगा. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले आणि डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरला. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे निदान न्यायालयाचा आदेश होता, नंतर त्यावर भर कोर्टात वाद झाला आणि आज आपण तो वाचू शकतो.

आता पुण्याकडे येऊ. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, शौर्यदिनाच्या दोनशेव्या वर्षी, भीमा कोरेगावला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर तपासाची दिशा कशी फिरली, ते वाचकांना सांगायला नको. १७ एप्रिल २०१८ ला रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरी झडती होऊन लॅपटॉप जप्त झाला आणि ६ जूनला त्यांच्यासह सुरेंद्र गडलिंग, सुधीर ढवळे, शोमा सेन आणि महेश राऊत यांना अटक झाली. आरोपांचा मोठा आधार होता लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रे.

त्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल आला. १३ जून २०१६ ला वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून विल्सन यांना मेल येतात, त्यातली फाइल उघडण्याचा आग्रह होतो, ते ती उघडतात आणि 'नेटवायर' नावाचा प्रोग्राम आत शिरतो. तो पुढे बावीस महिने आत होता. दाबलेली प्रत्येक की टिपणे, ब्राउझरमध्ये आणि मेलमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणे, फाइल बाहेर नेणे ही नेटवायरची कामे. आणि फाइल आत आणून ठेवणे हेही. अहवालाने तपासलेली दहा पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होती. ती कधी उघडल्याची खूण सापडली नाही. त्यांच्या पीडीएफ वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीत तयार झालेल्या होत्या आणि विल्सन यांच्या लॅपटॉपवर वर्ड होते २००७ चे.

पुढच्या अहवालांत गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबद्दलही असेच निष्कर्ष आले. स्वामींच्या कॉम्प्युटरवर १२ जून २०१९ ला जप्ती आली आणि घुसखोराने आपल्या खुणा पुसण्याची धावपळ केली ती आदल्याच रात्री, असे आर्सेनलने म्हटले. जप्ती उद्या आहे हे त्याला कसे कळले असेल? हा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. स्वामी कोठडीत असतानाच ५ जुलै २०२१ ला गेले होते.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत, ते बचाव पक्षाने करून घेतले आहेत आणि खटल्याचा अंतिम निकाल आम्ही हे लिहीत असेपर्यंत लागलेला नाही. घुसखोर कोण, हे आर्सेनलनेही सांगितलेले नाही. आपण पुराव्याची भाषा करतो तेव्हा हेही सांगितले पाहिजे. पण वॉशिंग्टन पोस्टने पहिला अहवाल स्वतंत्र तज्ज्ञांना दाखवला होता आणि त्यांना तो पटला. सेंटिनेलवन या दुसऱ्या कंपनीने २०२२ मध्ये याच टोळीचा माग २०१२ पर्यंत नेला, आणि सुरुवातीच्या हत्यारांत एक साधा की-लॉगर होता. त्याच वर्षी जूनमध्ये वायर्ड मासिकाने बातमी दिली की तिघा आरोपींच्या मेल खात्यांना भलताच रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर जोडलेला होता, म्हणजे मालकाने पासवर्ड बदलला तरी घुसखोर परत आत. वायर्डने त्याचा धागा पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्यापर्यंत नेला. याची स्वतंत्र चौकशी व्हायला नको का?

आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, शरणागती पत्करली. त्यांच्याविरुद्ध दाखवलेली पत्रे त्यांच्या नव्हे, दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमधून आलेली होती. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्याने यावर विचार करावा. तुमचे नाव दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये लिहिले जाऊ शकते आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्याचे.

खाजगीपणा हे शहरी, उच्चवर्णीय चोचले आहेत असेही आपल्यातले काही जण म्हणतात. त्यांनी बाबासाहेब वाचावेत. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यातल्या मूलभूत हक्कांत एक कलम आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होणार नाही. वॉरंट निघेल ते सबळ कारणावर, शपथेवर, आणि कोणती जागा, कोणती वस्तू हे नेमके लिहून. हे कलम मसुद्यात टिकले नाही, पोलीस तपासात अडथळा येईल असा आक्षेप आला. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेब ती स्वीकारायला तयार झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच, पण उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकते, म्हणून ते त्याच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती अखेर फेटाळली गेली. पुढे १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानात असे कलमच नाही याकडे बोट दाखवून खाजगीपणाचा दावा नाकारला. तो निकाल बाजूला सारायला पुट्टास्वामी खटल्यातल्या नऊ न्यायमूर्तींची, २४ ऑगस्ट २०१७ ची वाट पाहावी लागली.

बाबासाहेबांना हे कलम का हवे होते? आमचे उत्तर असे की, झडती कोणाच्या झोपडीत होते हे त्यांना ठाऊक होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. स्वतंत्र देशातही तो कायदा १९५२ पर्यंत गेला नव्हता. पाळत ही आपल्याकडे इंटरनेटबरोबर आलेली नाही. आधी हवालदार दारात येत असे आणि शेजारी बघत असत. की-लॉगरला दार लागत नाही, पंच लागत नाहीत आणि जप्तीची पावतीही मिळत नाही.

आता आपल्या घरात पाहू. आमच्या केंद्रावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर शिष्यवृत्तीचे महाडीबीटीचे फॉर्म भरले जातात, ॲट्रॉसिटीच्या केसमधले जबाब टाइप होतात, साक्षीदारांचे फोन नंबर असतात. विंडोज क्रॅक केलेले, पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला, आणि ब्राउझरने विचारले की पासवर्ड सेव्ह करू का, तर सगळ्यांचे बोट 'हो' वर. ते पासवर्ड ब्राउझर कुलपात ठेवतो हे खरे, पण किल्ली त्याच कॉम्प्युटरच्या लॉगिनला बांधलेली असते. त्या लॉगिनमध्ये चालणारा कोणताही घुसखोर प्रोग्राम ती वापरू शकतो. टाइप केला तर की-लॉगर टिपतो, साठवला तर चोर उचलतो. म्हणून यंत्रच स्वच्छ ठेवण्याला पर्याय नाही. दोन टप्प्यांची पडताळणी जरूर लावा, पण सडलेल्या यंत्रावर तीही पुरी पडत नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र मालवेअरची नव्हती. मुलामुलींच्या शिष्यवृत्ती खात्यांचे पासवर्ड आम्हीच एका एक्सेल फाइलमध्ये भरून ठेवले होते, सोयीसाठी, प्रेमाने. जबाबांच्या फायली आता इंटरनेट नसलेल्या वेगळ्या यंत्रावर गेल्या, सेव्ह केलेले पासवर्ड पुसले, पेनड्राइव्ह बंद. एक्सेल पुसण्याआधी एकेकाला बोलावून ज्याचा त्याचा पासवर्ड सांगितला. बारावीतल्या एका मुलीने तो वाचला आणि म्हणाली, "दादा, हा मी आत्ताच बदलते. नवा तुम्हालाही सांगणार नाही." आम्ही तिला खुर्ची दिली आणि ती टाइप करत होती तोवर खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो.