टाऊ प्रथिनाची कुळकथा

अल्झायमर रोगात मेंदूच्या पेशींमध्ये ज्याच्या गाठी साचतात, त्या टाऊ प्रथिनाचा शोध मुळात रोगाचा अभ्यास करताना लागलेला नाही. चेतापेशीत सूक्ष्मनलिका, म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू जुळून झालेल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात आणि पेशीचा आकार व तिच्यातील मालवाहतूक त्यांच्यावर अवलंबून असते. १९७५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात मार्क कर्शनर आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतील ट्युब्युलिन अधिक शुद्ध केले, तेव्हा त्याच्या नळ्या बनेनाशा झाल्या. शुद्धीकरणात वेगळा पडलेला घटक परत मिसळताच त्या पुन्हा बनू लागल्या. तो घटक म्हणजे टाऊ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेल्या गाठी याच प्रथिनाच्या आहेत, हे टाऊच्या शोधानंतर सुमारे दहा वर्षांनी उघड झाले.

चेतापेशीच्या वाढीतील टाऊचा वाटा मात्र सहज सिद्ध झाला नाही. १९९० मध्ये आल्फ्रेदो कासेरेस आणि केनेथ कोसिक यांनी अनुमस्तिष्कातील, म्हणजे लहान मेंदूतील, वाढत्या पेशींत टाऊची निर्मिती रोखली, तेव्हा त्यांना अक्षतंतू, म्हणजे संदेश दूर नेणारा लांब धागा, फुटेना. पुरावा निर्णायक वाटत असतानाच १९९४ मध्ये जपानमधील नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने टाऊचे जनुकच नसलेले उंदीर तयार केले, आणि ते जगले, त्यांच्या पेशींना अक्षतंतूही फुटले. फक्त बारीक अक्षतंतूंतील नळ्या कमी स्थिर होत्या आणि एमएपी-१ए हे दुसरे प्रथिन वाढले होते. या विसंगतीमुळे टाऊचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही; एकाच्या अनुपस्थितीत दुसऱ्याने भार उचलावा, अशी वाढत्या मेंदूची घडण असल्याचे तीतून दिसते, आणि हा निष्कर्ष मूळ दाव्याहून अधिक मोलाचा आहे.

टाऊ नळीला किती घट्ट धरते, हे त्याला जोडल्या जाणाऱ्या फॉस्फेट गटांवर ठरते. ते वाढले की पकड सैल होते. अल्झायमरग्रस्त मेंदूतील टाऊवर हे गट नेहमीच्या तीन-चार पट असतात, म्हणून त्यांना दोषी मानले गेले. परंतु गर्भाच्या मेंदूतील टाऊवरही, रोगातील जागांपैकी अनेक जागी, असेच फॉस्फेट असतात आणि तेथे गाठी होत नाहीत. वाढत्या अक्षतंतूला आपल्या नळ्या सतत लांबवाव्या आणि वळवाव्या लागतात, त्यासाठी सैल पकडच बहुधा उपयोगी पडते.