स्वस्तातली टाकी आणि वसईचं बावखल

आज विषय आहे फिश टँक. म्हणजे खऱ्या झाडांची, छोटी आणि खिशाला परवडणारी टाकी. तुम्ही यूट्यूबवर हे शोधलंत की पहिल्या दहा मिनिटांत एक यादी हातात पडते: कॅनिस्टर फिल्टर, सीओटू सिलिंडर, इम्पोर्टेड सॉइल. विरारला वन आरकेत राहणाऱ्याचं बजेट ती यादी वाचूनच संपतं. मला आज एवढंच सांगायचंय की स्वस्तातली टाकी म्हणजे महागड्या टाकीची गरीब बहीण नाही. इतिहासात आधी तीच आली.

जाऊया १८४९ सालच्या लंडनमध्ये. तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. इंग्लंडमध्ये काचेवर जवळपास शंभर वर्षं कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली होती. वॉरिंग्टननं बारा गॅलनचं एक काचेचं भांडं घेतलं, अर्धं पाण्यानं भरलं. तळाला वाळू, चिखल आणि दगड. त्यात व्हॅलिसनेरिया लावलं. आपल्याकडच्या दुकानात 'व्हॅली' म्हणून मिळतं ना, लांब फितीसारख्या पानांचं, तेच. आणि दोन गोल्डफिश सोडले. फिल्टर नाही, पंप नाही.

कल्पना साधी होती. मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, झाड उजेडात तो घेतं आणि ऑक्सिजन देतं. पण थोड्या दिवसांनी व्हॅलीची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. हिशोबात कोणीतरी कमी होतं. मग त्यानं पाच-सहा गोगलगायी टाकल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी पुन्हा निवळलं. गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली ती वेगळीच. १८५० मध्ये त्यानं हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. झाड, मासा आणि सफाई करणारा, हे तिघं जमले की पाणी स्वतःला सांभाळतं.

पुढे कळलं की झाडं याहून जास्त काम करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. झाडं तो खत म्हणून शोषतात, वाळूतले जिवाणूही त्याचं रूप बदलतात. १९९९ साली डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी याच तत्त्वावर एक पुस्तक लिहिलं: तळाला साधी माती, वर वाळू, भरपूर झाडं. आज जगभर ती 'वॉलस्टॅड पद्धत' म्हणून ओळखली जाते.

आता हे आपल्या वसई-विरारमध्ये कसं करायचं? दीड फूट लांब, दहा इंच रुंद आणि दहा इंच उंच टाकी घ्या. साधारण २९ लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ वॉरिंग्टनएवढंच. तळाला इंचभर चाळलेली बागेतली माती, पण शेणखत किंवा रासायनिक खत न घातलेली. वर इंचभर धुतलेली नदीची वाळू. अर्नाळ्याची किंवा राजोडीची वाळू आणू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी जड होतं. व्हॅली, हायड्रिला अशी न लाजणारी झाडं पहिल्याच दिवशी दाट लावा. वर पांढरा एलईडी बल्ब, रोज सात-आठ तास. नळाचं पाणी दिवसभर उघड्यावर ठेवून मगच भरा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. दोन-तीन आठवडे फक्त झाडं आणि गोगलगायी. नंतर चार-पाच गप्पी. जास्त नाही, कारण रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. लाईट गेली तरी मासे वर येऊन तडफडणार नाहीत, कारण ही टाकी पंपावर जगतच नाही.

पण या इतिहासाला एक काळी बाजू आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाऊस उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड लागलं. लोक किनाऱ्यावर जाऊन खडकांमधली डबकी अक्षरशः ओरबाडू लागले. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, १९०७ साली आपल्या आठवणींत लिहिलं की वडिलांनी दाखवलेले ते सुंदर किनारे पुढे उजाड झाले. समतोल शिकवणाऱ्या छंदानंच समतोल मोडला.

हे मी वसईत बसून का सांगतोय? कारण आपल्याकडे बावखलं आहेत. वाड्यांमधली ती गोड्या पाण्याची तळी, जिच्यावर केळीच्या आणि भाजीच्या बागा जगल्या. पावसाचं पाणी तिथे साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राचं खारं पाणी विहिरींकडे सरकू देत नाही. पाणवनस्पती, गोगलगाय, मासा, हे त्रिकूट तिथे वॉरिंग्टनच्या कितीतरी आधीपासून कामाला लागलेलं आहे. आज अनेक बावखलं भरणी टाकून बुजली. जी उरलीत, त्यांना आपल्या छंदाचा त्रास नको.

म्हणून दोन नियम. बावखलातून झाडं-मासे उपसून आणू नका, दुकानातून चार काड्या घ्या, त्या महिन्याभरात वाढतात. आणि टाकीचा कंटाळा आला तर मासे किंवा झाडं बावखलात सोडू नका. मुद्दाम सोडायची वेळ आली तर ते काम आरोग्य विभागाचं, डासांच्या अळ्यांसाठी कुठे गप्पी सोडायचे ते त्यांना ठरवू द्या. आपल्या खाड्या-नद्या झाकणारी जलपर्णी हीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून सुंदर फुलांसाठीच आणलेली होती. टाकीतला छोटा सकर मासा हातभर वाढतो, आणि आज देशातल्या कित्येक नद्या-तलावांत मच्छीमारांच्या जाळ्यात तोच येतो. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा मित्राला द्या. छाटलेली झाडं उन्हात वाळवून कुंडीत टाका.

टाकी लावलीत की एका संध्याकाळी जवळचं बावखल बघून या. काठावर पाच मिनिटं उभे राहा आणि कोण काय खातंय ते बघा. तुमच्या टाकीचं युजर मॅन्युअल तिथेच आहे, आणि ते फुकट आहे. ते बुजू नये यासाठी ग्रामसभेत, प्रभागात आवाज काढणारा एक माणूस जरी या भागामुळे वाढला, तरी माझं काम झालं.