साताऱ्याचा विमा, सांगलीची बँक

१९१३ साली हिंदुस्थानात बँका कोसळायला सुरुवात झाली. आधी लाहोरची पीपल्स बँक गेली, मागोमाग मुंबईची इंडियन स्पीशी बँक गेली, आणि १९१८ पर्यंत बुडालेल्या बँकांचा आकडा ९४ वर पोचला. नेमक्या त्याच १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी सुरू केली. तीन वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९१६ रोजी, संस्थानी सांगलीत सांगली बँक उभी राहिली. त्या एका वर्षात देशातल्या १३ बँकांना टाळं लागलं होतं, महायुद्ध चालू होतं, आणि बँकेत पैसे ठेवणं म्हणजे ते घालवणं असं लोकांना वाटत होतं. अशा दिवसांत आमच्याकडच्या वकिलांनी, मास्तरांनी, हळदीच्या अडत्यांनी आणि पेन्शनीत निघालेल्या मामलेदारांनी पदरच्या पैशांनी भाग घेतले. मंदीत वित्तसंस्थेचा शेअर घेण्याची या दोन गावांची सवय तिथून सुरू होते, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

मी सांगलीत करसल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरता भरता त्यांच्या घरातले जुने कागद माझ्या टेबलावरून जातात. जाड, पिवळट शेअर सर्टिफिकेटं, डिव्हिडंड वॉरंटचे अर्धे फाडलेले तुकडे, सर्वसाधारण सभेची निमंत्रणं. माझे वडील गणपती पेठेत एका अडतीच्या पेढीवर दिवाणजी होते. बँकेचा वार्षिक अहवाल पोस्टानं आला की ते पेन्सिल घेऊन बसत. शेवटच्या पानावरचा लाभांशाचा आकडा ते कधीच आधी बघत नसत. "तो किती दिला ते पोस्टमन सांगेल," असं म्हणायचे. "कशातून दिला ते बघ." म्हणजे नफा किती, गंगाजळीत किती टाकले, बुडीत कर्जांसाठी किती बाजूला काढले. सातारा आणि सांगलीच्या वित्तसंस्थांची पुढची सगळी कहाणी या एका प्रश्नाभोवती फिरते असं माझं मत आहे.

आधी विमा कंपनी. आयुर्विमा कंपनीचा नफा दुकानदाराच्या नफ्यासारखा दरसाल गल्ल्यात दिसत नाही. दर काही वर्षांनी विमागणिती पुस्तकं तपासतो, पुढे किती दावे द्यावे लागतील याचा अंदाज बांधतो आणि मग जी शिल्लक उरते तिचा मोठा वाटा पॉलिसीधारकांना बोनस म्हणून आणि छोटा वाटा भागधारकांना जातो. त्यामुळे चांगल्या विमा कंपनीचा लाभांश कमी असे, पण बाजाराच्या चढउतारानं तो फारसा हलत नसे. पेन्शनीतल्या माणसाला याहून वेगळं काय हवं असतं? साताऱ्यासारख्या, ना बंदर ना गिरणी असलेल्या गावातून चाळीसहून अधिक वर्षं आयुर्विम्याचा धंदा चालला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

१९ जानेवारी १९५६ रोजी ती कहाणी संपली. आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. उद्योगपती दालमियांच्या भारत इन्शुरन्समधल्या पैशांच्या गैरवापराचं प्रकरण खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत उघडं केलं होतं, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. २४५ देशी-विदेशी कंपन्या आणि सोसायट्या मिळून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ झालं, त्यात वेस्टर्न इंडियाही गेली. भागधारकांना भरपाई मिळाली ती लाभांशाच्याच हिशेबानं. शिल्लकीतला भागधारकांचा सरासरी वार्षिक वाटा धरायचा आणि त्याची साधारण वीसपट करायची, वर धंद्याच्या वाढीचा थोडा फेरफार करायचा. म्हणजे ज्या कंपनीनं भागधारकांना जपून, थोडं थोडं दिलं होतं, तिच्या भागाची किंमतही त्या थोड्याच्याच मापानं ठरली. पॉलिसीधारकांचं हित बघणाऱ्या कंपनीच्या भागधारकांवर हा अन्याय झाला असं मला वाटतं. राष्ट्रीयीकरण चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. इतरांच्या लबाडीची किंमत साताऱ्याच्या सचोटीनं मोजली, एवढंच.

विमा गेला तरी बँक राहिली होती. चिरमुल्यांनीच १९३६ मध्ये साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक काढली होती. १९५१ मध्ये ती शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली, झाली, १९५६ मध्ये सातारा स्वदेशी कमर्शियल बँक तिच्यात आली. पोवई नाक्याजवळचं तिचं मुख्य कार्यालय आणि सांगलीत राजवाडा चौकातलं सांगली बँकेचं कार्यालय ही आमच्या भागातल्या मध्यमवर्गाची दोन देवळंच होती. मुलीच्या लग्नाची ठेव तिथे, मुलाच्या नोकरीची आशाही तिथेच, आणि चार पैसे उरले की भागही तिथलेच. मॅनेजर ओळखीचा, संचालक ओळखीचे. ओळख हीच तारण मानली गेली.

तिथेच घात होता. पहिला धक्का कऱ्हाडला बसला. १९४६ ची बँक ऑफ कऱ्हाड १९९२ मध्ये हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्यात सापडली. तिनं बीआर, म्हणजे रोख्यांच्या बदल्यात द्यायच्या बँक रिसिटा, मागे रोखे नसतानाच देऊन टाकल्या होत्या. बँक अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. कृष्णाकाठच्या ठेवीदारांचे पैसे मुंबईच्या शेअर दलालांच्या सौद्यांना जोडले गेले आहेत, हे कऱ्हाडच्या माणसाला वर्तमानपत्रातून कळलं. अवसायनात भागधारकाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. आधी ठेवीदार, मग इतर धनको, आणि उरलंच तर भागधारक. लाभांशाचा शेअर घेणाऱ्यानं ही रांग लक्षात ठेवायलाच हवी, कारण मुदतठेव आणि बँकेचा शेअर यांत फरक आहे तो हाच. आमच्याकडे अनेकांनी दोन्ही एकाच बँकेत ठेवले होते.

दुसरा धक्का २ सप्टेंबर २००६ चा. आयुर्विमा महामंडळाला पन्नास वर्षं झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून युनायटेड वेस्टर्नवर मोरॅटोरियम, म्हणजे व्यवहारांवर स्थगिती, लागू झालं. घरोघरी गणपती बसलेले होते. खात्यातून दहा हजारांवर रक्कम काढता येईना. महिनाभरात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचा एक पैसाही बुडाला नाही. भागधारकांना मात्र दर भागामागे २८ रुपये रोख मिळाले आणि त्यांचा बँकेशी संबंध संपला. बाजार त्या वर्षी तेजीत होता, हे विसरू नका. मंदीनं नाही, आतल्या अशक्तपणानं ती बँक गेली.

सांगली बँक तेव्हा सुदृढ नव्हतीच. नियमानं भांडवल पर्याप्तता नऊ टक्के हवी, तिची दोन टक्क्यांच्याही आत आली होती आणि मार्च २००६ च्या ताळेबंदात तोटा होता. पण सातारची गत बघून असो वा आधीच ठरवून असो, तिनं मोरॅटोरियमची वाट पाहिली नाही. डिसेंबर २००६ मध्ये आयसीआयसीआय बँकेशी विलीनीकरणाचा करार जाहीर झाला. आयसीआयसीआयला हव्या होत्या तिच्या, मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटकातल्या, जवळपास दोनशे शाखा. देवाणघेवाण ठरली ९२५ भागांना १०० भाग अशी, आणि १९ एप्रिल २००७ ला विलीनीकरण अमलात आलं. बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखाली सरकार विलीन करतं, ४४-अ खाली भागधारक मत देऊन विलीन होतात. साताऱ्याला पहिलं लागलं, सांगलीला दुसरं. साताऱ्याच्या भागधारकाच्या हाती रोकड आली, सांगलीच्या भागधारकाच्या हाती तेव्हाच्या देशातल्या सर्वांत मोठ्या खासगी बँकेचा कागद.

वर्षभरातच त्या कागदाची परीक्षा झाली. जानेवारी २००८ मध्ये चौदाशेच्या वर गेलेला आयसीआयसीआयचा भाव मार्च २००९ मध्ये अडीचशेच्या आसपास आला. मधे अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, आयसीआयसीआयही जाणार अशा अफवा उठल्या, एटीएमसमोर रांगा लागल्या, आणि ३० सप्टेंबर २००८ ला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून धीर द्यावा लागला. त्या हिवाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांचा एकच प्रश्न असे, "विकू का?" मी त्यांच्यापुढे अहवाल ठेवत असे. बँकेनं २००७-०८ साठी भागामागे ११ रुपये लाभांश दिला होता. २००८-०९ साठीही ११ रुपयेच दिला, आणि तोही नफ्यातून. भाव सहाव्या हिश्श्यावर आला तरी लाभांश तसूभर हलला नव्हता. अडीचशेच्या भावानं ज्यानं नवे शेअर घेतले त्याला पहिल्याच वर्षी चार टक्क्यांवर परतावा सुटला.

पण ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. ९२५ भागांचे १०० झालेल्या माणसाला २००९ मध्ये ११०० रुपये मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये एका भागाचे पाच झाले, २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळाला, म्हणजे १०० चे ५५०. मधल्या काळात मोठ्या उद्योगांची कर्जं बुडीत निघाली आणि लाभांश आटला. २०१८-१९ साठी भागामागे फक्त एक रुपया, म्हणजे ५५० रुपये. कोविडच्या वर्षी, १७ एप्रिल २०२० ला, रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच बँकांना लाभांश द्यायला मनाई केली. त्याच महिन्यापासून लाभांशावर भागधारकाला कर लागू झाला. २०२०-२१ साठी दोन रुपये मिळाले, म्हणजे पुन्हा ११०० च. बारा वर्षं थांबून माणूस होता तिथेच. २०२४-२५ साठी मात्र ११ रुपये, म्हणजे ६०५० रुपये. ज्यानं धीर धरला त्याला फळ मिळालं खरं, पण त्या बारा वर्षांत औषधपाणी या लाभांशावर चालवायचं ठरवलेल्या पेन्शनराची काय अवस्था झाली असेल, तेही मोजायला हवं. म्हणूनच मी वृद्ध अशिलांना सांगतो, घरखर्चाची रक्कम ठेवीत ठेवा, शेअर त्याच्या वरच्या पैशांतूनच घ्या.

साताऱ्यानं १९५६ मध्ये गमावलेला विम्याचा भाग मे २०२२ मध्ये पुन्हा विकायला आला. आयुर्विमा महामंडळाचा शेअर ९४९ रुपयांना, पॉलिसीधारकांना ६० रुपये सवलतीनं. १७ मे रोजी तो नोंदला गेला तोच पडत्या भावानं, आणि मार्च २०२३ मध्ये ५३० पर्यंत खाली आला. पहिल्या दिवशी रांगेत असलेले तेव्हा बाजाराला शिव्या देत होते. लाभांश मात्र चढत होता: २०२२-२३ साठी ३ रुपये, पुढच्या वर्षी १०, त्यापुढच्या वर्षी १२. वडिलांची पेन्सिल हातात असती तर कुणीही हे वाचू शकलं असतं.

आता वाचकांना एक विनंती. आपल्या घरात आजोबांच्या, काकूंच्या नावाचं सांगली बँकेचं सर्टिफिकेट असेल तर ते रद्दी समजू नका. त्याच्या बदल्यात आयसीआयसीआयचे शेअर निघालेले असतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल, तर लाभांश आणि शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून ते परत मिळतात. वारसाची कागदपत्रं, डिमॅट खातं आणि आयईपीएफ-५ हा अर्ज लागतो, आणि त्या अर्जाला सरकारी शुल्क नाही.